आर्काइव्ह रिसर्चच्या इंटर्नशिपला निघताय? आधी एवढं आवरा

स्पोर्ट्स डॉक्युमेंटरीवाल्यांची आर्काइव्ह रिसर्चची इंटर्नशिप निघाली, आणि तीपण टीव्हीच्या ऑफिसात ज्या घरातली पोरं सहसा दिसत नाहीत त्यांच्यासाठी, की मला गावाकडनं चारपाच तरी मेसेज येतात, ताई काय तयारी करू. एकदाच लिहून टाकतो. (हो ताईच आहे आणि 'टाकतो'च म्हणणार, कोल्हापूरच्या पोरींचं व्याकरण सुधरायला येऊ नका.)

पहिल्यांदा डोक्यातनं कॅमेरा काढा. स्टेडियम नाही, खेळाडूबरोबर सेल्फी तर नाहीच नाही. दिवसभर जुने फोटो, फिल्मचे तुकडे, पेपरची कात्रणं हुडकायची, ते खरंच कुठलं आणि कधीचं हे ठरवायचं, मालक कोण ते शोधायचं आणि सगळं शीटमध्ये भरायचं. हे वाचून जांभई आली असेल तर इथंच थांबा, राग नाही.

आता अर्जाच्या आधीचं काम. दोन आठवडे हातात ठेवा आणि एकच छोटा विषय खरोखर शोधून काढा, कारण सीव्हीत 'खेळाची प्रचंड आवड' सगळेच लिहितात. विषय लांबचा नको. आपल्याकडं प्रत्येक पेठेत तालीम आहे आणि तालमीच्या भिंतीवर फोटो आहेत ज्यांची यादी आजवर कुणी केलेली नाही. मी आमच्या तालमीतला एक फोटो घेतला होता, काळी फ्रेम, काचेवर उदबत्तीची काजळी, गदा घेतलेला पैलवान आणि शेजारी फेटेवाले सहाजण. वस्ताद म्हणाले कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली कुस्ती आहे, दुसरे म्हणाले छे, सांगलीची. फ्रेम उलटी केली तर मागं पुठ्ठ्यावर फोटो स्टुडिओचा जांभळा शिक्का आणि पेन्सिलनं तारीख. म्हणून सांगतो, फोटोची पाठ आधी बघा, स्कॅन दोन्ही बाजूंचा करा. आणि फोटो काचेला चिकटला असेल तर सोलायला जाऊ नका, पैलवानाचं तोंड काचेवरच राहतं, तसाच तिरक्या उजेडात मोबाईलवर काढा.

तोंडी माहिती घ्या पण एकाकडनं घेऊ नका. फुटबॉलचं तर विचारूच नका, शाहू स्टेडियमवरची एकच मॅच पाटाकडील तालमीच्या टीमच्या माणसाला विचारा आणि मग खंडोबा तालमीच्या टीमच्या माणसाला विचारा, दोन स्कोअर मिळतील आणि दोघंही त्या दिवशी ग्राउंडवर होते. दोन्ही लिहा, कुणी सांगितलं ते लिहा, मग पेपरच्या जुन्या फाइली बघायला जा. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं आहे, शिवाजी विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे, जाऊन नीट विचारा, पहिल्या दिवशी कुणी कपाट उघडून देत नाही, दुसऱ्या दिवशी परत जा. कात्रणावर तारीख नसेल तर पाठीमागच्या जाहिराती वाचा, सिनेमाच्या जाहिरातीवरनं वर्ष सापडतंय.

ऑलिंपिकवाले पैलवान खाशाबा जाधव, हा विषय कोल्हापूर-कराडकडचे निम्मे अर्जदार घेणार हे धरून चाला. घ्यायचा असेल तर सगळ्यांना माहीत असलेलं सांगू नका. 1952 हेलसिंकी, बँटमवेट फ्रीस्टाइल, ब्राँझ, त्याआधी 1948 ला लंडनला सहावे, हे गुगलवर आहे. तुम्ही हे दाखवा की परदेशी आर्काइव्हमध्ये नुसतं जाधव टाकून काय मिळत नाही, तिकडच्या यादीत स्पेलिंग कायपण असतंय आणि बऱ्याचदा फिल्म जिंकणाऱ्याच्या नावावर लावलेली असते, म्हणून त्या वजनातला सोनंवाला जपानचा शोहाची इशिई आणि चांदीवाला सोव्हिएतचा रशीद मम्मदबेयोव ही नावं टाकून शोधलं. सापडलं नाही तरी चालेल, शोधलं कसं ते लिहा. दुसरं म्हणजे राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकरांनी खाशाबांना पाठवायला घर गहाण टाकलं, ही गोष्ट आपण सगळे सांगतो. आर्काइव्हवाला माणूस विचारणार, कागद कुठाय, पहिल्यांदा छापून कधी आलं. (वर सांगितलेल्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे, सुरुवात तिथनंच करा.)

शीट आधीपासून ठेवा. फाइलचं नाव, कुठनं मिळालं, तारीख, तारीख पक्की का अंदाजे, फोटोत कोण डावीकडनं उजवीकडं, मालकाचा नंबर, वापरायची परवानगी. फाइलच्या नावात वर्ष आधी मग महिना, 'फायनल नवीन 2' असलं नको. कॉपी तीन, दोन वेगळ्या ठिकाणी, एक घराबाहेर. 2019 च्या महापुरात किती घरातले अल्बम आणि व्हीएचएस चिखलात गेले ते आपण बघितलंय, त्यात लग्नाचे व्हिडिओवाले कुस्तीची मैदानं पण शूट करायचे, त्या कॅसेटींची दुसरी कॉपीच नव्हती.

राइट्सचं थोडं वाचून जा, इंटरव्ह्यूत विचारतात. फोटो ज्याच्या घरात आहे त्याच्याकडं त्याचा कॉपीराइट असतोच असं नाही. आपल्याकडं सिनेमाला प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं, फोटोला 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोग्राफर वारल्यापासून 60 वर्षं, त्याहून जुन्यांचं वेगळं, ते वकील बघतील. फुटेज सेकंदावर विकतात, वॉटरमार्कची कॉपी बघायला देतात, तिच्यावरचा टाइमकोड, म्हणजे कुठला शॉट कितव्या मिनिट-सेकंदाला आहे तो आकडा, नीट उतरवायचा, एक आकडा चुकला की एडिटर फोन करतोय आणि तो गोड बोलत नाही.

फॉर्ममध्ये पार्श्वभूमीचा प्रश्न असतोय. जात, अपंगत्व, घरातली पहिली पदवी, गाव, जेवढं सांगावं वाटतंय तेवढंच सांगा, दुःखाचं प्रदर्शन मांडू नका आणि लाजूही नका. कोणतरी 'कोट्यातनं आलीस होय' म्हणणारच. ज्या शाहू राजानं 26 जुलै 1902 ला 50 टक्के जागा राखीव ठेवल्या त्यानंच 1912 ला खासबागेचं मैदान उभं केलं, एवढं डोक्यात असलं की तोंड आपोआप बंद ठेवता येतंय, आपलं. दाखला लागतो का ते आधी मेल करून विचारा, बऱ्याच ठिकाणी स्वतः लिहिलेलं चालतं, पण उत्पन्नाचा दाखला काढून ठेवलेला बरा, सेतूत शेवटच्या दिवशी सर्व्हर डाऊन असतोय.

पैशाचं स्पष्ट विचारा. स्टायपेंड किती, कधी, प्रवासखर्च देतात का. मी विचारायला लाजलो आणि पहिले पैसे दीड महिन्यानं आले, तोवर नात्यातल्या काकूंच्या हॉलमध्ये झोपलो. फुकटात राबवणार असतील तर नाही म्हणा, मुंबईत वडापाव पण फुकट नाही. इंटरव्ह्यूला मराठीत विचार आला तर मराठीत बोला, 'मी गेलो' म्हटल्यावर एकजण हसला होता, मी थांबलो आणि पुढं बोललो, बास.

सामान थोडं. हार्ड डिस्क, हेडफोन, वही, काजळीचे फोटो पुसायला मऊ कापड, डबा. महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट आधी काढा, वरचा बर्थ घ्या, हार्ड डिस्क उशाखाली.

आणि जायच्या आधी, ज्या तालमीतला फोटो स्कॅन केलाय तिथं त्याची एक प्रिंट मारून द्या, मागं नावं लिहून. मी आल्यावर देतो म्हणालो होतो. वस्ताद दर वेळी विचारतात, फोटो आणलास काय गं.