आधी भूक, मग डाव: खलनायक लिहिणाऱ्यांसाठी

विज्ञानकथा मालिका लिहू पाहणारी मंडळी माझ्याकडे बहुतेक वेळा डाव घेऊन येतात. ग्रह उडवायचा, सूर्य विझवायचा, अख्ख्या शहराच्या मेंदूवर ताबा मिळवायचा. मी विचारते, समजा जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तुमचा खलनायक काय करणार? उत्तर सापडत नसेल तर डाव बाजूला ठेवा आणि माणसापासून सुरुवात करा.

हे शिकवायला मी 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' ही टीव्ही मालिका घेते. १९९३ ते १९९९, सात पर्वं, आणि गोष्ट मुख्यतः एकाच अंतराळ स्थानकावर घडणारी. ज्याला आज फसवलं तो उद्या त्याच आवारात समोर येतो. त्यामुळे इथे प्रत्येकाला आपल्या वागण्याचा हिशोब द्यावा लागतो.

पहिलं काम: खलनायकाची कैफियत लिहा. त्याच्याच तोंडून, पानभर, आणि वकिलासारखी. गुल डुकाट हा बजोर ग्रहावर राज्य केलेला कार्डेशियन अधिकारी. १९९८ च्या 'वॉल्ट्झ' या भागात तो स्थानकाचा प्रमुख असलेल्या जखमी सिस्कोसमोर आपली बाजू मांडतो. आल्या आल्या कामाचा कोटा निम्म्यावर आणला, बालमजुरी बंद केली, शिधा वाढवला, महिन्याभरात छावण्यांतला मृत्युदर २० टक्क्यांनी उतरला. आणि त्याच महिन्याच्या शेवटी बंडखोरांनी गोदी उडवली, २०० हून जास्त कार्डेशियन मेले. म्हणून २०० संशयितांना मारलं. त्याच्या मते हा संयम होता! हे आकडे बघा. स्वतःला निर्दोष मानणारा माणूस मोघम बोलत नाही, त्याला तारखा आणि टक्केवारी पाठ असते. तुमच्या कैफियतीत असे आकडे आपोआप येत नसतील, तर तो माणूस अजून तुम्हाला भेटलेला नाही.

आता त्या कैफियतीतून भूक शोधा. डुकाटला सत्ता हवी आहे हे कोणीही सांगेल. पण त्याला त्याहून वेगळं काही हवंय: ज्यांना चिरडलं त्यांनी आपले आभार मानावेत. ऐन युद्धात तो मित्रपक्षाच्या प्रतिनिधीपाशी, वेयूनपाशी, खंत करतो की बजोरवर आपला एकही पुतळा नाही. डुकाट साकारणारा मार्क अलायमो हे इतक्या मनापासून बोलतो की अंगावर काटा येतो. ही भूक एकदा कळली की डाव सुचवावे लागत नाहीत. तो काय करेल आणि कुठे फसेल, दोन्ही दिसायला लागतं.

डाव रचताना उलटीकडून या. पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग घ्या. विन ही बजोरी वेडेक, म्हणजे धर्मगुरू, स्थानकावरच्या शाळेत काय शिकवतात यावरून वाद पेटवते. शिक्षिका केइको वर्महोलला, म्हणजे बजोरी लोक देवांचं घर मानतात त्या अंतराळातल्या बोगद्याला, विज्ञानाच्या भाषेत समजावते, विनला ते पाखंड वाटतं, पालक मुलांना शाळेतून काढतात, शाळेत स्फोट होतो. बघणाऱ्याला वाटतं, गोष्ट धर्म आणि शिक्षणाची आहे. खरं लक्ष्य बराइल आहे, काईपदासाठीचा, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरुपदासाठीचा, तिचा प्रतिस्पर्धी. भांडण मिटवायला तो मठ सोडून येणार हे तिला ठाऊक आहे, आणि त्याला मारणारी व्यक्ती तिथे आधीच पेरलेली आहे. लिहिताना 'बराइल स्थानकावर येतो' इथून मागे मागे जा: तो कशाने येईल? पण वरचा वाद खोटा ठेवू नका. विनला ती शाळा खरोखरच खटकते, म्हणून तर कोणाला संशय येत नाही.

तिची भूक मात्र लगेच सांगितलेली नाही, आणि मला हेच सगळ्यात आवडतं. १९९६ च्या अगदी शेवटी, 'रॅप्चर' या भागात, ती पूर्वी बंडखोर असलेल्या किराला सुनावते की लढलात ते फक्त तुम्हीच नव्हे. मी पाच वर्षं कार्डेशियन छावणीत मार खाल्ला, तुमच्याकडे शस्त्रं होती, माझ्याकडे फक्त श्रद्धा. तोवर आपण तिचा मनसोक्त राग केलेला असतो. कारण उशिरा द्या, आणि ते वाया जाईल अशा ऐन पराभवाच्या प्रसंगात देऊ नका.

मग परीक्षा घ्या: कशासाठी हा माणूस आपला डाव मोडेल? स्थानक सोडून पळायची वेळ येते तेव्हा डुकाट मुलीला, झियालला, शोधत थांबतो. फाउंडर्सना, म्हणजे डुकाटच्या मित्रपक्षाच्या रूप बदलणाऱ्या राज्यकर्त्यांना, रूप बदलू न शकणाऱ्या सगळ्यांची भीती आहे, ज्याच्यावर ताबा त्याच्यापासून धोका नाही असा त्यांचा हिशोब. तरी त्यांची प्रमुख म्हणते की स्थानकावर राहणारा त्यांच्याच जातीचा ओडो घरी परतणं अख्ख्या अल्फा क्वाड्रंटपेक्षा, म्हणजे आकाशगंगेच्या ज्या चतुर्थांशासाठी ते लढताहेत त्याच्यापेक्षा, मोठं आहे. शेवटी शेवटी डुकाटचे डोळे लाल होतात, तो निव्वळ सैतान बनतो, आणि माझ्या मते तिथे तो लहान होतो. सैतानाला काही गमवायचं नसतं.

शेवटचा प्रसंग लिहिण्याआधी खलनायकाला बाहेर पडायची सरळ वाट दाखवा. १९९९ मध्ये विन घाबरून किराकडे येते, वाट विचारते. किरा सांगते: काईपद सोडा. विन विचार करते, सौदा करू बघते, पदावर राहूनही खूप भलं करता येईल म्हणते. विन साकारणाऱ्या लुईज फ्लेचरच्या चेहऱ्यावर ते सगळं वाचता येतं. तुमच्या पात्राला हा नकार त्याच्याच शब्दांत देता येतो का, ते लिहून बघा. मगच पुढचा भाग सुरू करा.