प्रो व्हायचंय? आधी मेडलं नको, बाउट मोजा

बॉक्सिंगमध्ये प्रो, म्हणजे व्यावसायिक, लायसन्सचा विचार डोक्यात आला की पहिल्यांदा बाउटची, म्हणजे लढतींची, वही काढा. नसेल तर आजपासून ठेवा: तारीख, वजनगट, समोरचा साउथपॉ (डावखुरा) होता का, निकाल कशावर लागला. मेडलचा रकाना ठेवूच नका, घोळ तिथेच होतो.

जिल्हा स्पर्धेत, त्यातही वरच्या वजनगटांत, एंट्र्या तीन-चारच येतात. एक बाय (न खेळता पुढची फेरी) किंवा एक वॉकओव्हर (समोरचा आलाच नाही), आणि पोरगा एकदाच, कधी तर एकदाही रिंगमध्ये न उतरता, गोल्ड घेऊन घरी. अशी प्रमाणपत्रं आठ जमली तरी खऱ्या बाउट पाच भरतात. त्यातल्या दोन पहिल्याच राउंडला आरएससी, म्हणजे रेफरीने थांबवलेल्या. म्हणजे तिसऱ्या राउंडला दम संपल्यावर आपला गार्ड (तोंडासमोरचे हात) किती खाली येतो, हे त्याला कळायची वेळच आलेली नसते. म्हणून पूर्ण नऊ मिनिटं (तीन मिनिटांचे तीन राउंड) खेळलेल्या बाउट वेगळ्या मोजा. हरलेल्याही धरा. वॉकओव्हर शून्य. क्लबमधलं स्पॅरिंग (सरावाची लढत) तेही शून्य, कारण हातात 16 औंसाचे ग्लोव्हज आणि समोर रोजचा जोडीदार. त्याचा हुक (बाजूने येणारा ठोसा) कधी येणार ते पाठ असतं.

प्रो होण्याआधी बाउट किती हव्यात? माझा आकडा पन्नास. अमेरिकेचा हेवीवेट डिऑन्टे वाइल्डर विसाव्या वर्षी सुरुवात करून 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकला आणि फार बाउट न खेळताच प्रो झाला, हे मान्य. सहा फूट सात इंच उंची आणि तसा उजवा हात असेल तर पुढचं वाचू नका.

अमॅच्युअरमध्ये (हौशी स्पर्धांत) हरलात तर पुढच्या स्पर्धेत पुन्हा नाव देता येतं. प्रोमध्ये पराभव रेकॉर्डला चिकटतो. ‘पहिल्या चार सोप्या लावून देतो’ म्हणणाऱ्या मॅनेजरपासून लांब राहा. पाचव्या वेळी दुसऱ्या कुणाच्या पोरासाठी ‘सोपा’ म्हणून तुम्हालाच उभं करतात.

पन्नास झाल्या म्हणजे सगळं आलं असंही नाही. युक्रेनच्या वासिल लोमाचेंकोकडे दोन ऑलिम्पिक गोल्ड होती, अमॅच्युअरमध्ये पराभव एकच. तरी मार्च 2014 मध्ये दुसऱ्याच प्रो बाउटला तो ऑर्लांडो सालिडोकडून स्प्लिट डिसिजनने (तीनपैकी दोन जजांच्या कौलाने) हरला. सालिडो वजनात बसला नव्हता, बाराही राउंड पोटावर आणि पट्ट्याखाली मारत राहिला. पण घाबरू नका: त्याच जूनमध्ये लोमाचेंको वर्ल्ड टायटल जिंकला. शिकायला वेळ लागतो, पाया असला की कमी लागतो.

प्रो झाल्यावर बदलतं ते एवढं. वजन बाउटच्या सकाळी नाही, आदल्या दिवशी होतं. समोरचा रात्रीतून पाणी भरून जड होऊन येतो. वेल्टरवेटपर्यंत (साधारण 66.7 किलो) ग्लोव्हज 8 औंसाचे, त्यामुळे अमॅच्युअरमध्ये गार्डवर थांबणारा ठोसा आत घुसतो. राउंडही वाढतात: विजेंदर सिंगनेही 2015 मध्ये प्रोची सुरुवात चार राउंडच्या बाउटपासूनच केली होती. म्हणून प्रो करारावर सही करण्याआधी तीन महिने आठवड्यातून एकदा सहा राउंड स्पॅरिंग करा, दर दोन राउंडला ताजा जोडीदार घ्या. पाचव्या राउंडला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून हात परत हनुवटीशी येत नसेल, तर अजून एक अमॅच्युअर सीझन खेळा.