विसरायला होतंय? आधी रात्रीचं घोरणं बघा

‘पन्नाशी उलटली, आता विसरायला होणारच’ असं म्हणून विषय मिटवणं ही पहिली चूक. समोरच्याचं नाव ओठांवर येत नाही, एकच पान दोनदा वाचावं लागतं, दुपारच्या मीटिंगमध्ये डोळे मिटतात. त्याच घरात बायकोची तक्रार असते, ‘यांच्या घोरण्यानं मला झोप नाही.’ दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं, हे कुणी ध्यानातच घेत नाही.

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, हा समज तर घरोघरी. पण ते स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यात घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. किमान १० सेकंद श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू निमिषभर जागा होतो आणि माणूस घुसमटून पुन्हा श्वास घेतो. तासाला ५ ते १५ वेळा असं झालं तर आजार सौम्य, ३० किंवा जास्त वेळा झालं तर तीव्र. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. दिवसभरात शिकलेलं पक्कं होतं ते बरंचसं गाढ झोपेत, आणि तीच इथे तुकड्यातुकड्यांत मिळते. म्हणून ‘आठ तास झोपतो की!’ या हिशोबाला फारसा अर्थ नाही.

स्वतःच्या अंदाजावरही विसंबू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही जणांना १४ रात्री सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष दिवसेंदिवस ढळत गेलं, पण त्यांना स्वतःला ते फारसं जाणवलं नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, किंवा सरळ मोबाइलवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करा.

झोपेची गोळी मनाने घेऊ नका. काही गोळ्यांनी आणि दारूने घसा आणखी सैल पडतो.

डॉक्टरांकडे झोपेची तपासणी होऊन सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) घरी आलं, तरी बऱ्याचदा आठवडाभरात ते कपाटात जातं. मास्कमधून हवा गळत असेल तर पट्टा करकचून आवळू नका. बहुतेक वेळा माप चुकलेलं असतं. तोंड कोरडं पडत असेल तर हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर लावा, नाक चोंदत असेल तर आधी त्यावर उपचार घ्या. दुपारी टीव्ही बघताना मास्क लावून बसलं की सवय लवकर होते. मशीनच्या हवेचा दाब मात्र डॉक्टरांनाच बदलू द्या.

तपासणीच्या याच फेरीत बी-१२ आणि थायरॉइडही तपासून घ्या. विसराळूपणा बी-१२च्या कमतरतेमुळे किंवा थायरॉइडच्या बिघाडामुळेही येतो. आणि दिवसा डुलक्या येताहेत तोवर गाडी दुसऱ्याला चालवू द्या.