लेकीच्या नावाने गड चढायचा असेल तर

आमची लेक नवव्या वर्षी गेली. सिकल सेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. तिच्या अस्थी नागपूरजवळच्या रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या, आणि तिचे बाबा घाटावरून उठेचनात. पुढच्या जानेवारीत त्याच घाटापासून आम्ही गडावर चालत गेलो. सोबत ३८ माणसं होती. त्या निमित्ताने, ती दवाखान्यात ज्या वॉर्डात होती त्याच्यासाठी मदत जमवली. आता दरवर्षी एखादी आई, एखादा बाप फोन करतो, ‘ताई, आमच्या लेकरासाठी पण असंच करायचंय, कसं करू?’ त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

सुरुवात वॉर्डातून करा. तारीख, बॅनर, टोप्या हे सगळं नंतर. पहिल्या वर्षी आम्ही कोणाला न विचारता कापसाची खेळणी घेतली, दोन पोती भरून. सिस्टरांनी हात जोडून परत दिली. ती नीट धुता येत नाहीत, त्यात धूळ आणि जंतू बसतात. सिकल सेलमध्ये जंतूंशी लढणारी प्लीहा निकामी होत जाते, म्हणून या लेकरांना संसर्ग लवकर गाठतो. नऊ वर्षं हे घरात पाहिलं होतं, तरी दुकानात उभी असताना मला फक्त तिची बाहुली आठवली.

सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना आधी भेटा. मग वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना. ‘काय देऊ?’ असं विचारलं तर संकोचाने काहीही चालेल म्हणतात. ‘रात्रपाळीत काय कमी पडतं?’ असं विचारा. आम्हाला यादी मिळाली ती अशी: लहान मुलांच्या दंडाला बसतील असे बीपीचे पट्टे, छोट्या बोटांचे ऑक्सिमीटर, चटया, आणि थर्मास.

थर्मास का, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. आम्ही अकरा नंबरच्या खाटेवर होतो. दहा नंबरला बालाघाटकडची एक बाई लेकराला घेऊन होती. रात्री दोन वाजता ती स्टीलचा गिलास पदरात धरून तीन जिने उतरायची आणि फाटकाबाहेरच्या टपरीवरून दुधासाठी गरम पाणी आणायची. वर येईतो ते कोमट झालेलं असायचं. नागपुरात गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाडा, कुठून कुठून लोक लेकरं घेऊन येतात आणि व्हरांड्यात झोपतात. त्यांना काय लागतं ते आपल्याला घरी बसून सुचत नाही.

पैशाचं आधीच पक्कं ठरवा. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तशी. त्यापेक्षा सोपं म्हणजे पैसे आपल्या खात्यात घ्यायचेच नाहीत. दवाखान्यासोबत काम करणारी नोंदणीकृत संस्था असेल तर देणाऱ्याने थेट तिच्या खात्यात भरावेत. देणगीवरची आयकरातली ८०जी ची सवलत हवी असणाऱ्याला सांगा की २००० रुपयांवर रोख दिली तर ती मिळत नाही, आणि नवीन करप्रणाली निवडली असेल तर मुळीच नाही. वस्तू द्यायच्या असतील तर अधिष्ठात्यांच्या नावे पत्र द्या, लेखी होकार घ्या आणि दिल्यावर साठा रजिस्टरला नोंद झालेली स्वतः बघा. नोंद नसेल तर वस्तू कुठे गेली हे वर्षभराने कोणीच सांगू शकत नाही.

दिवस पुण्यतिथीचा घेऊ नका. त्या दिवशी आई-बाप कोणत्या अवस्थेत असतील ते आधी कळत नाही, आणि चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत असतात. आम्ही संक्रांतीनंतरचा रविवार धरतो. उन्हाळ्याचं तर नावच नको, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ. रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमेला गडावर जत्रा असते, तेही टाळा. रामटेक नागपूरहून ५० किलोमीटरच्या आसपास, एसटी आहे, इतवारीहून रेल्वेही आहे. आधी नगर परिषद आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्या. उपजिल्हा रुग्णालयाला कळवून ठेवा, १०८ चा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. वर वाकाटकांच्या काळातली नरसिंह मंदिरं आहेत, तिथे बॅनर बांधायचं नाही, काही चिकटवायचं नाही.

वांदरांचं लक्षात ठेवा. हातात पिशवी दिसली की ओढतात, लहान मुलं घाबरून पायरी चुकतात. खाणं पाठीवरच्या बंद बॅगेत. तर्री पोहे खाली उतरल्यावर, वर फक्त संत्री, आणि सालं परत आणायची.

सिकल सेलची लेकरं ‘आम्ही पण चढतो’ म्हणतील. त्यांना चढवू नका. दम लागणं, अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, यातल्या कशानेही दुखणं उसळतं. गडापर्यंत गाडीरस्ता आहे. त्यांना स्वेटर-टोपी घालून, ऊन अंगावर आल्यावर गाडीने वर आणा आणि आल्या आल्या पाणी पाजा. आमच्या पोरीच्या गळ्यात शाळेतही निळी बाटली असायची. म्हणून चढणाऱ्या प्रत्येकाने खालून बाटली भरून घ्यायची आणि वर पोचेपर्यंत संपवायची, एवढा एकच नेम आम्ही ठेवला आहे. रक्तदान शिबिर ठेवणार असाल तर वेगळ्या दिवशी ठेवा. रक्त देऊन कोणी चढू नये.

गडावर पोचल्यावर भाषण नको. तिचं नाव एकदा घेतो, ज्यांना आपल्या लेकराचं घ्यायचं ते घेतात, मग जरा वेळ तिथेच बसतो.

आणखी एक. वस्तूंवर नाव घालायचा आग्रह होईल. आमच्याकडे सासरच्या मंडळींनी थर्मासवर ‘कै.’ लिहून, खाली तिचं नाव आणि ‘हिच्या स्मरणार्थ’ असं छापायचं ठरवलं होतं, पेंटरला सांगूनही झालं होतं. मी अडून बसले. रात्री दोन वाजता आजारी लेकराला दूध पाजणाऱ्या आईच्या हातात मेलेल्या लेकराचं नाव द्यायचं नाही. दोन दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. तिचं नाव आम्ही चालणाऱ्यांच्या मनगटावरच्या निळ्या फितीवर लिहितो. थर्मासवर लाल रंगात फक्त खाटेचा नंबर आहे. पहिला मी दहा नंबरचा रंगवला.