मधुमेहात तोंडाला कोरड पडते? या चुका टाळा

मार्च लागला की आईच्या उशाशी तांब्या-भांड्याबरोबर खडीसाखरेची डबी येऊन बसायची. रात्री दोन-तीनदा उठून ती एक खडा तोंडात टाकायची. "जीभ टाळूला चिकटते रे," म्हणायची. नाशिकचं ऊन कडक, त्यामुळे आम्हीही ते उन्हावर ढकललं. तिला मधुमेह आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी साखर तपासायला दीड महिना गेला. जेवणानंतरचा आकडा 280 निघाला.

कोरड उन्हामुळेच पडते असं धरून चालणं ही पहिली चूक. रक्तातली साखर साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीवाटे जाते आणि जाताना सोबत पाणीही ओढून नेते. शरीरातलं पाणी घटतं, लाळ आटते. म्हणून कोरड वाढली की आधी साखर मोजा.

दुसरी चूक आमच्या डबीतच होती. खडीसाखर, लिमलेटची गोळी, रसवंतीवरचा ग्लास यांनी तोंड पाच मिनिटं ओलं वाटतं, मग साखर चढते आणि कोरड आणखी वाढते. दातांचं नुकसान तर याहून मोठं. लाळ तोंडातलं आम्ल धुऊन काढते, दातांची झीज भरून काढायला मदत करते. ती आटलेली असताना गोड चघळत राहिलात तर हिरड्यांलगत, दातांच्या मुळाशी कीड लागते. आईच्या दोन दाढा अशाच गेल्या. निफाड-दिंडोरीकडून द्राक्षांची पेटी आली की येता-जाता चार मणी तोंडात टाकणंही यातच येतं. 100 ग्रॅम द्राक्षांत सुमारे 15 ग्रॅम साखर असते. खायचीच तर डॉक्टरांना विचारून, मोजून आणि एका बैठकीत खा.

रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडणारे खूप ज्येष्ठ मी पाहिलेत. तसं करू नका. दिवसभर घोट-घोट पाणी पीत राहा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

साखर आटोक्यात असूनही कोरड जात नसेल तर गोळ्यांकडे पाहा. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, पायांच्या जळजळीसाठी देतात ती ॲमिट्रिप्टिलिन, रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांनी तोंड कोरडं पडतं. मात्र मनाने गोळी बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. आईची एक गोळी अशीच बदलून मिळाली.

तोंडात पांढरे चट्टे, आग, तिखट न सोसणं असं झालं की आपण म्हणतो, उष्णतेने तोंड आलं, आणि मध लावतो. मधुमेहात ती बऱ्याचदा बुरशी असते. मधही शेवटी साखरच. त्यावर बुरशीनाशक औषध लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यावं. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा. मिश्री आणि तंबाखू सोडा, अल्कोहोल असलेलं माउथवॉशही नको.

आराम कशाने पडतो? दात धड असतील तर झायलिटॉलची बिनसाखरेची च्युइंग गम चघळावी, त्याने लाळ सुटते. औषधाच्या दुकानात कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल मिळतं, रात्री त्याचा उपयोग होतो. दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. दर सहा महिन्यांनी दंतवैद्यांना दाखवा आणि मधुमेह असल्याचं आधी सांगा.

कोरडीबरोबर उलट्या, पोटदुखी, खोल-जलद श्वास किंवा गुंगी असेल तर पाणी पाजत सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.