आपल्या गावच्या नगराध्यक्षांची यादी पुराव्यानिशी कशी लावावी

नगराध्यक्षांच्या दालनात खुर्चीच्या मागे किंवा बाजूच्या भिंतीवर नावांचा फलक असतो. काम तिथूनच सुरू करावं. फलकाचा सरळ समोरून, अक्षरं वाचता येतील असा फोटो घ्यावा. मात्र ती यादी तशीच उतरवून ‘गावचा इतिहास’ म्हणून छापू नये. फलक नव्याने रंगवताना जुन्यावरून नक्कल होते आणि त्यात तीन गोष्टी हमखास बिघडतात: प्रभारी म्हणून चार-सहा महिने काम पाहिलेले उपनगराध्यक्ष गळतात, प्रशासकाचा काळ शेजारच्या नावात मिसळतो आणि आपल्या मराठवाड्यात १९४८ च्या आधीची, म्हणजे निजामी काळातली, नावं बहुतेक वेळा नसतातच.

नोंदींसाठी एक तक्ता करावा. प्रत्येक कार्यकाळाला एक ओळ. तोच माणूस दोनदा अध्यक्ष झाला असेल तर दोन ओळी. रकाने असे: पूर्ण नाव, पद (नगराध्यक्ष, प्रभारी, प्रशासक), कधीपासून, कधीपर्यंत, कसे आले, कसे गेले, पुरावा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात ‘इतिवृत्त पुस्तक, सभेची तारीख, ठराव क्रमांक, पान’ इतकं लिहिलेलं असलं पाहिजे. पुरावा नसलेलं नाव काढू नये, पण त्यापुढे ‘फक्त फलकावर’ असं स्पष्ट लिहावं.

नावांमागे लागण्याआधी काळाचे टप्पे आखून घ्यावेत, कारण अध्यक्ष कसा निवडला जातो हे वेळोवेळी बदललं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मग द्विभाषिक मुंबई आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. नगरपालिकांचा आजचा कायदा १९६५ चा. १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. त्यानंतर १९८५ च्या निवडणुकीपर्यंत बऱ्याच पालिकांत मध्ये प्रशासक होते. ही पोकळी कुणाच्या तरी नावाने भरून टाकू नये. २००१ मध्ये पुन्हा थेट निवड आली. २००६ पासून नगरसेवकांतून अडीच-अडीच वर्षांचे अध्यक्ष होऊ लागले, तर २०१६ मध्ये परत थेट निवड झाली. २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली गेली. ज्या नगर पंचायतींचं मतदान डिसेंबर २०२१–जानेवारी २०२२ मध्ये झालं, तिथे अध्यक्ष सदस्यांतूनच निवडले गेले. नगरपालिकांत मुदत संपल्यापासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते. एवढा सांगाडा हाताशी असला की २००७ ते २०११ मध्ये एकच नाव दिसल्यावर लगेच शंका येते: दुसऱ्या अडीच वर्षांचं काय झालं?

इतिवृत्त पुस्तक

खरा पुरावा सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात, म्हणजे पालिकेतले लोक ज्याला प्रोसिडिंग बुक म्हणतात त्यात. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला तारीख, वेळ, अध्यक्षस्थानी कोण आणि हजर सदस्यांची नावं-सह्या असतात. ‘अध्यक्षस्थानी’ ही ओळ ओळीने सगळ्या सभांमधून उतरवत गेलं की अध्यक्ष कोणत्या दोन सभांच्या दरम्यान बदलला ते कळतं. मग त्या दोन तारखांच्या मधली कागदपत्रं तेवढी बारकाईने पाहायची.

इथे दोन ठिकाणी चूक होते. पहिली सहीची. इतिवृत्ताखाली अध्यक्षांची सही असते, पण मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करतात. मधल्या काळात अध्यक्ष बदलला असेल तर जुन्या सभेच्या इतिवृत्ताखाली नव्या अध्यक्षाची सही मिळते. म्हणून नाव वरच्या ओळीतून घ्यावं, खालच्या सहीवरून नाही. दुसरी चूक निवडीच्या विशेष सभेची. नगरसेवकांतून अध्यक्ष निवडायचा असतो तेव्हा त्या सभेला जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला पीठासीन अधिकारी, बहुधा उपविभागीय अधिकारी, अध्यक्षस्थानी असतो. घाईत वाचणारा त्या अधिकाऱ्यालाच एका दिवसाचा नगराध्यक्ष करून टाकतो.

अविश्वास ठराव, राजीनामा, अपात्रता यांनी पद गेलं असेल तर शेवटची तारीख सहजासहजी जुळत नाही. राजीनामा दिल्याचा दिवस आणि मंजूर झाल्याचा दिवस वेगळे. अपात्रतेला न्यायालयाची स्थगिती मिळाली की तोच माणूस परत खुर्चीवर येतो. अशा वेळी दोन्ही तारखा लिहाव्यात. न्यायालयीन निकाल शोधायचा तर १९८१ पासून औरंगाबाद खंडपीठ, त्याआधी मुंबई आणि १९५६ पूर्वीचं हैदराबाद उच्च न्यायालय.

पुस्तकं पाहण्यासाठी मुख्याधिकाऱ्यांना साधा अर्ज द्यावा. नाही जमलं तर माहितीचा अधिकार आहे: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘आजवरच्या सर्व नगराध्यक्षांची यादी द्यावी’ असं मागू नये. उत्तरात फलकाचीच नक्कल येते. ‘सन १९६७ ते १९७४ मधील सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्त पुस्तकांचे निरीक्षण करू द्यावे’ असं मागावं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. प्रतींना पानामागे २ रुपये पडतात, पण जुन्या वाळवी लागलेल्या पुस्तकाची झेरॉक्स काढायला लावू नये, बांधणी उलते. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर फोटो घ्यावा. प्रत्येक फोटोत पान क्रमांक आला पाहिजे.

निजामी काळ

इथले कागद उर्दूत आणि बहुतेक घसटत्या शिकस्ता लिपीत. उर्दू छापील वाचणारा प्रत्येक जण ते वाचू शकत नाही. जुने दस्त वाचणारा माणूस शोधावा. या काळात अध्यक्षपद अनेकदा पदसिद्ध अधिकाऱ्याकडे, म्हणजे तालुकदार (तेव्हाचा जिल्ह्याचा महसूल अधिकारी) किंवा तहसीलदाराकडे असे, तेव्हा तिथे गावातल्या पुढाऱ्याचं नाव मिळेलच असं नाही. त्यांची नोंद ‘पदसिद्ध’ अशी वेगळी ठेवावी.

तारखा फसली, म्हणजे निजामी राज्यातल्या महसुली सनाच्या असतात. हैदराबादचं फसली वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याने सुरू होई. आजूर, दै आणि बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी फसली सनात ५९० मिळवावेत, पुढच्या नऊ महिन्यांसाठी ५९१. म्हणजे ३ बहमन १३५५ फसली हा डिसेंबर १९४५, आणि १० तीर १३५५ हा मे १९४६. बहमनचे शेवटचे दोन-तीन दिवस जानेवारीत जातात, तेवढे सांभाळावेत. सरसकट ५९० मिळवल्याने वर्षभराची चूक झालेल्या याद्या बऱ्याच आहेत.

कागद कुठल्या कचेरीत असतील हे जिल्ह्यांच्या जुन्या हद्दींवरून ठरतं. जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात आणि किनवट आदिलाबादेत. अंबाजोगाईचे कागद मोमिनाबाद या नावाखाली शोधावेत. राज्याच्या दप्तरासाठी हैदराबादला तारनाक्याचं पुराभिलेखागार गाठावं लागतं.

पडताळणी

पाण्याची टाकी, भाजी मंडई, नाट्यगृह, व्यापारी संकुल यांच्या कोनशिला फार कामाच्या. भूमिपूजनाची आहे की लोकार्पणाची, ते आधी पाहावं. दोन्हींच्या मध्ये अध्यक्ष बदललेला असू शकतो. निवडून आलेल्यांची नावं शासन राजपत्रात येतात, त्यासाठी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) विभागीय पुरवणी चाळावी. दैनिक ‘मराठवाडा’चे जुने अंक ग्रंथालयात मिळाले तर निवडीच्या दुसऱ्या दिवसापासून आठवडाभराचे पाहावेत. पुढे मोठे झालेल्यांचा परिचय संसदेच्या नोंदींतही सापडतो. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण हे दोघेही आधी आपापल्या शहराचे नगराध्यक्ष होते.

शहर महानगरपालिका झालं की यादी तिथे थांबवून महापौरांची वेगळी सुरू करावी: औरंगाबाद १९८२, नांदेड-वाघाळा १९९७, लातूर आणि परभणी २०११, जालना २०२३. औरंगाबादला पहिली निवडणूक १९८८ मध्ये झाली, त्यामुळे मधली सहा वर्षं प्रशासकाची. तालुक्याच्या ज्या गावांत २०१४-१५ च्या सुमारास नगर पंचायत आली, तिथे त्याआधीचे सरपंच वेगळ्या तक्त्यात घ्यावेत.

महिला अध्यक्षांच्या नावांकडे जास्त लक्ष द्यावं. फलकावर ‘सौ.’ आणि पतीचं नाव, राजपत्रात पूर्ण नाव, बातमीत माहेरचं आडनाव असं होतं आणि एकीच्या दोघी होतात. मतदार यादीतलं किंवा राजपत्रातलं नाव मुख्य धरावं, बाकीची त्याच ओळीत ‘अन्य नोंद’ म्हणून ठेवावीत. बाप-लेक किंवा काका-पुतण्या यांची आद्याक्षरं सारखी असतील तर हजेरीतल्या दोन सह्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

तक्ता पुरा झाला की एक छापील प्रत मुख्याधिकाऱ्यांकडे आवक क्रमांक घेऊन द्यावी, एक सार्वजनिक वाचनालयात. पुढच्या वेळी फलक रंगवायला काढतील तेव्हा रंगाऱ्याच्या हातात हीच प्रत गेली पाहिजे.