तेलविहिरीतील भूकंपीय सर्वेक्षणाने भेगांची दिशा कशी शोधावी

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय क्षेत्रात १९७४ साली तेल सापडले ते मुख्यतः मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडीत; परंतु तिच्या खालच्या ग्रॅनाइट-नाइस (ग्रॅनाइट व त्यासारखा पट्टेदार रूपांतरित खडक) आणि दख्खन ट्रॅपच्या (ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट) पायाभूत खडकातही तेल मिळालेले आहे. अशा घट्ट खडकात तेल मुख्यतः भेगांमधूनच वाहते. त्यामुळे नवी विहीर भेगांना आडवी छेदेल अशी खोदायची असेल, तर त्यांची दिशा आधी कळायला हवी.

भूकंपीय सर्वेक्षणात कृत्रिम कंपनलहरी खडकातून पाठवून त्यांची नोंद घेतात. भेग जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते, तर ४,२०० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या खडकात ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी ७० मीटर भरते. म्हणजे सुटी भेग दिसणार नाही. असंख्य समांतर भेगांचा लहरींच्या वेगावर होणारा एकत्रित परिणाम तेवढा मोजता येईल.

त्यासाठी तीन घटकांचे जिओफोन (एक उभे व दोन आडव्या दिशांचे कंपन नोंदणारी उपकरणे) विहिरीत लक्ष्यथराच्या, म्हणजे ज्यातील भेगा शोधायच्या त्या थराच्या, वर, थरात आणि खाली भिंतीशी घट्ट दाबून बसवावेत. लहरींचा स्रोत, समुद्रात असल्यास बोटीवरील एअरगन (दाबलेली हवा एकदम सोडून लहरी निर्माण करणारे साधन), विहिरीभोवती वर्तुळाकार फिरवून दर १० ते १५ अंशांवर नोंद घ्यावी. केबलवर उतरताना उपकरण स्वतःभोवती फिरते, त्यामुळे त्याचे आडवे घटक कोणत्या दिशेस वळले आहेत हे ठाऊक नसते. उभ्या विहिरीत थेट आलेल्या प्राथमिक लहरीच्या (जिचे कंपन तिच्या प्रवासाच्याच दिशेने होते) कंपनाची दिशा आणि स्रोताची ज्ञात जागा यांवरून प्रत्येक जिओफोनचे वळण काढता येते. या पायरीत मुळीच घाई करू नये, कारण येथे २० अंशांची चूक झाली तर भेगांचा सगळा नकाशाच २० अंशांनी फिरतो.

दुय्यम लहर (जिचे कंपन प्रवासाच्या दिशेला आडवे होते) भेगाळ खडकात शिरली की दोन लहरींत विभागते: भेगांना समांतर कंप पावणारी पुढे जाते, काटकोनात कंप पावणारी मागे पडते. पहिलीच्या कंपनावरून भेगांची दिशा कळते आणि दोहोंतील वेळेच्या फरकावरून त्यांच्या दाटीचा अंदाज येतो. पाण्यातून दुय्यम लहर जात नसल्याने समुद्रात मात्र सागरतळाशी किंवा थरांच्या सीमेवर प्राथमिक लहरीपासून रूपांतरित झालेल्या दुय्यम लहरींवर विसंबावे लागते. दोन दुय्यम लहरींतील वेळेचा फरक फार बारीक असतो. १०० मीटर जाडीच्या थरातून २,५०० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणाऱ्या लहरीला ४० मिलिसेकंद लागतात, आणि वेगात ४ टक्के तफावत असली तरी विलंब जेमतेम १.६ मिलिसेकंद होतो. शिवाय वरच्या थरांनी घडवलेले विभाजनही त्यात मिसळलेले असते. ते वरून खाली, थरामागून थर, वजा केल्याशिवाय लक्ष्यथराबद्दल काहीही बोलू नये.

प्राथमिक लहरींचे आगमनकाळही दिशेनुसार मांडून पाहावेत. उभ्या भेगांचा एकच संच असेल तर भेगांच्या दिशेने जाणारी लहर सर्वांत लवकर पोहोचते, मात्र थर कललेला असला तरी आगमनकाळ दिशेनुसार बदलतात.

भेगा नसतानाही भूगर्भातील असमान ताण दुय्यम लहरीला विभागू शकतो. म्हणून निष्कर्ष विहिरीच्या भिंतीच्या प्रतिमांशी आणि गाभ्याच्या नमुन्यांशी (विहिरीतून कापून काढलेल्या खडकाच्या दंडगोलांशी) ताडून पाहावा, आणि खोदकामामुळे पडलेल्या भेगा त्या तुलनेतून वगळाव्यात.